पेटीतली वेणी

१० नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी पप्पांना कंपनीतून मिळाली होती. तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते आणि घरात कुणाला काही लिहायचं सुचत नव्हतं, म्हणून ती कपाटावर धूळ खात पडली. आज झटकून घेतली. जानेवारीपासून सगळी पानं कोरी आहेत ते बरंच आहे. त्या महिन्यांचं लिहायचं म्हटलं असतं तर सलाईन आणि ओकाऱ्या, एवढंच लिहावं लागलं असतं.

आज शाळा. परत दहावी. माझ्याबरोबरच्या पोरी अकरावीला शहरात कॉलेजला जातात, वाळूजच्या स्टॉपवर उभ्या राहून मोबाइल बघत असतात. मी त्यांच्यासमोरून जुना युनिफॉर्म घालून गेले. कुर्ता मोठा होतो आता. आईनं आतून टाके घालून लहान करून दिला.

वर्गात मॅडमनी मला पुढं उभं केलं. म्हणाल्या, "ही आपली ज्ञानेश्वरी. फायटर आहे. कॅन्सरला हरवून आली आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी कुणाशी कधी लढले? मी पलंगावर पडून होते. सुई लावायच्या वेळी डोळे मिटायचे, एवढंच माझं काम होतं.

टोपी घातली होती. मधल्या सुट्टीत सगळ्या माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या, जशी मी झोपलेय आणि जाग येईल. एकटी करुणा धाडकन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुझं ते लागतं का दुसऱ्याला?" मी नाही म्हटलं. "मग दे चटणी," म्हणाली. ती पोरगी मला आवडली.

१२ नोव्हेंबर

दोन मजले चढून वर्ग. जिन्यात थांबले की मागची पोरं पण थांबतात आणि "आरामात, आरामात" म्हणतात. उद्यापासून सगळ्यांच्या आधी येणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

गावाकडून आज्जी आली. बाजरीचं पीठ, तूप, आणि तोंडाचा पट्टा. आमचं गाव वेरूळच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला आहे. आज्जीकडं अजून वीसेक मेंढरं आहेत आणि ती माणसांकडंही मेंढरांकडं बघितल्यासारखंच बघते, म्हणजे आधी दात, मग पाय, मग अंगावरची लव. आल्या आल्या तिनं माझी टोपी काढली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"अगं बया, कोकरासारखे आलेत की गं! कुरळे!"

आधी माझे केस सरळ होते. कमरेच्या खालपर्यंत. आता आलेत ते कुरळे, बोटभर लांबीचे, जरा भुरकट. पहिल्यांदा बघितले तेव्हा वाटलं, कुणाचे तरी चुकून माझ्या डोक्यावर आलेत. पण आता सवय झाली. अंघोळ झाल्यावर आरशात बघते तेव्हा मला ते छान वाटतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

जेवताना आज्जी म्हणाली, "मग पारू, कवा काढायचं जावळ?"

पारू म्हणजे माझी आई. मी विचारलं, "कुणाचं जावळ?"

"तुझं."

मला हसू आलं. माझं जावळ मी वर्षाची असताना निघालं, त्याचा फोटो आहे. केरबामामाच्या मांडीवर बसून मी बोंबलतेय. तर आज्जी म्हणते, दुसऱ्यांदा काढायचं. बिरोबाला नवस बोललाय. 'पोरीला नवा जलम दे, नव्या जलमाचं जावळ तुझ्या पायरीवर काढीन.'

मी म्हणाले, "आज्जी, तुला कुणी सांगितलं होतं असलं बोलायला?"

"मी नाय बाई. तुझी माय बोलली. अनवाणी डोंगर चढली व्हती."

मी आईकडं बघितलं. ती भाकरी थापत होती. वळली पण नाही.

"मला विचारलं होतं का?"

"तवा तू शुद्धीत व्हतीस का?" आई म्हणाली. बस, एवढंच. मग म्हणाली, "बोललेलं फेडावं लागतं. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी तुझ्या पप्पाला सुट्टी हाय."

मी ताटावरून उठले. सत्यम, माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "दीदी, सोळा वर्षांची बाई मामाच्या मांडीवर! मैं व्हिडिओ निकालूंगा." त्याला मी वाटी फेकून मारली. लागली नाही.

पप्पा म्हणाले, "बघू." पप्पांचं बघू म्हणजे आई म्हणेल ते.

२० नोव्हेंबर

करुणाला सगळं सांगितलं. तिच्या घरचे बौद्ध आहेत. ती म्हणाली, "आमच्यात नवस नसतो."

"मग तुमच्यात कुणी आजारी पडलं की काय करतात?"

"डॉक्टरकडं नेतात." मग विचार करून म्हणाली, "मला डेंगू झाला होता तेव्हा मम्मी रोज विहारात जाऊन बसायची. एरवी रविवारी जाते. काही मागायची नाही, नुसती बसायची. घरी बसवत नव्हतं म्हणाली."

मी म्हटलं, तुझी मम्मी शहाणी आहे. तिला नुसतं बसता येतं. माझी आई कशावर तरी सौदा करते, आणि तोही माझ्या डोक्यावर.

"केस तुझे आहेत," करुणा म्हणाली. "नाही म्हण."

घरी येऊन नाही म्हटलं. आई म्हणाली, "बरं." पण तिचं 'बरं' म्हणजे काहीच नसतं. संध्याकाळी फोनवर केरबामामाला म्हणत होती की रविवारचं नक्की समज.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आईचा वैताग येतो. रोज सकाळी मी निघाले की दारात अडवते आणि माझी कॉलर नीट करते. कॉलर नीटच असते. तरी मागून पुढं, पुढून मागं, कानाखालून बोटं फिरवत बसते. तिची बोटं थंडगार असतात, भांडी घासून आलेली. रिक्षावाला हॉर्न वाजवतो, आत बसलेल्या पोरी बघतात. पाचवीतल्या पोरीची पण कुणी इतकी कॉलर नीट करत नाही.

आज मी हात झटकला. ती म्हणाली, "थांब की जरा." मी म्हणाले, "माझा वेळ जातो." ती आत गेली.

आजारपणाच्या आधी ही अशी नव्हती. गाठ आली होती मानेला, तेव्हा तर तिनं बघूनही काही केलं नव्हतं. सर्दीची गाठ म्हणाली आणि दोन महिने हळदीचा लेप लावला. शाळेत पिवळी मान घेऊन जायचे मी. पोरी विचारायच्या, हळद लागली का गं? आम्ही इतके हसायचो. नंतर डॉक्टर मॅडमनी विचारलं, गाठ कधीपासून आहे, तेव्हा आई माझ्या फाइलची दोरी सोडत-बांधत बसली. मीच सांगितलं लेपाचं. मॅडम म्हणाल्या, असू द्या, बरेच जण करतात. आई मात्र त्या दिवसापासून घरात हळद पुड्यातून डब्यात काढायचं काम मला सांगते, स्वतः हात लावत नाही. तिचं काही कळत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

करुणा आली नव्हती, सहा डिसेंबर. तिच्याशिवाय बाकावर फार मोठी जागा उरते.

स्नेहसंमेलनात कोळीनृत्य आहे. आमच्या वर्गात समुद्र कुणी बघितलेला नाही, तरी दरवर्षी वाळूजला कोळीनृत्य होतंच. मॅडम म्हणाल्या, "ज्ञानेश्वरीला दमायला होईल, ती निवेदन करेल." मी म्हणाले मी नाचणार. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग हळूच म्हणाल्या, "अगं, पण अंबाडा घालावा लागतो."

मी म्हटलं घालीन. कशावर घालणार ते देवाला माहीत.

१३ डिसेंबर, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

नाचाच्या साड्या उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून भाड्यानं आणणार आहेत, पण चोळी घरची. आईची हिरवी चोळी शोधायला मी तिची लोखंडी पेटी उघडली. आई दळणाला गेली होती. चोळी खाली होती, तिच्या लग्नातल्या शालूखाली. आणि शालूच्या घडीत एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत माझी वेणी.

दुसऱ्या केमोनंतर केस पुंजक्यानं यायला लागले तेव्हा आईनं घट्ट वेणी घातली आणि मुळापासून कात्री लावली. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, केसांवर भांडी देणारी आली होती, तिला दिली. मी तेव्हा म्हणाले होते, काय मिळालं? आणि ती म्हणाली, काही नाही. मला वाटायचं एवढ्या लांब वेणीवर निदान एक पातेलं तरी यायला पाहिजे होतं.

आणि ही इथं होती. वरून आणि खालून लाल रिबिनीनं बांधलेली. तेल लावलेलं आहे तिला. म्हणजे अधूनमधून लावत असणार. वास माझ्या जुन्या उशीसारखा येतो.

मी ती मांडीवर घेऊन बसले. रडू आलं, पण जरा वेळानं मला एकदम आनंद झाला. अंबाड्याची सोय झाली!

घेतली. पिशवीत माझा जुना स्कार्फ कोंबून ठेवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

संमेलन झालं.

मेकअपच्या खोलीत आम्ही बारा जणी आणि कंगवा एक. तो या डोक्यातून त्या डोक्यात फिरत होता. करुणानं माझ्या बोटभर केसांची शेंडी बांधली, त्यावर वेणी गुंडाळली, जाळी लावली, पिना खोचल्या आणि वर गजरा. दुखत होतं, पण आरशात बघितलं आणि क्षणभर मागचं वर्ष झालंच नाही असं वाटलं. पोरी म्हणाल्या, "विग कुठून आणला गं, एकदम ओरिजनल!" मी म्हणाले, ओरिजनलच आहे.

नाचले. शेवटपर्यंत नाचले. श्वास लागला होता पण थांबले नाही. पप्पा सेकंड शिफ्टला होते, आई आणि सत्यम तिसऱ्या रांगेत. सत्यम शिट्ट्या मारत होता. मी आईकडं बघितलं, म्हटलं आता तरी हसेल. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती माझ्या अंबाड्याकडं बघत होती. मग नाच चालू असतानाच उठली आणि बाहेर गेली.

२० डिसेंबर

भांडण. काल घरी आल्यावर तिनं आधी पिना काढल्या, एकेक, न बोलता. वेणी सोडवली. बादलीत शिकेकाईच्या पाण्यात धुतली, पंचावर वाळत घातली. एवढं सगळं झाल्यावर म्हणाली, "कुणाला इचारून हात लावला?"

"माझीच आहे ना ती?"

"नाय. ती माझी हाय."

मग मला सुचलं आणि मी म्हणाले की बरं झालं, ही आहे तर बिरोबाला हीच देऊन टाकू. केस तर केस. माझ्या डोक्याचेच आहेत. नवस फिटला आणि माझे आत्ताचे वाचले. मला खरंच वाटलं की मी किती हुशार आहे.

आई एकदम ओरडली. "तिला हात लावायचा नाय! सांगून ठेवते!" सत्यम आतल्या खोलीत पळाला. मी आईला इतकं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, हॉस्पिटलात सुद्धा नाही.

आता मला सगळं कळलं आहे. तिला जुनी मी हवी आहे. लांब केसांची, न थकणारी, पहिला नंबर काढणारी. ती तिनं पेटीत जपून ठेवलीय, तेल लावून. आणि ही जी उरली आहे, तिचं डोकं भादरायला निघाली आहे. ठीक आहे. मी पण तिच्याशी बोलणार नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

चार दिवस डोकं खाजतंय. मानेवर ओरबाडून फोड आलेत. मला वाटलं नवीन केसांना कोरडेपणा असेल. आज सकाळी कॉलर नीट करायला आई आली. भांडण असलं तरी कॉलर चुकत नाही तिची. मी दुसरीकडं तोंड करून उभी राहिले.

तिची बोटं डाव्या कानामागं आली आणि थांबली.

परत मागं गेली. परत तिथंच थांबली. मग मी पण हात नेला. वाटाण्याएवढी. हलत होती.

रिक्षा हॉर्न वाजवत होती. आई म्हणाली, "आज जाऊ नको शाळंत." तिचा आवाज अगदी साधा होता. मग ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

बास. आज लिहिणार नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काल नाताळची सुट्टी म्हणून आज गेलो. तोच दरवाजा, तोच फिनाइलचा वास. वास आला की तोंडात पाणी सुटतं, उलटीच्या आधी येतं तसं. पप्पांनी रजा टाकली होती. ते पार्किंगमध्येच इतका वेळ गाडी लावत बसले की शेवटी मी त्यांना बोलवायला गेले.

डॉक्टर मॅडमनी मान तपासली, काखा, पोट. मग माझे केस बाजूला करून बघितलं आणि हसल्या.

"ज्ञानेश्वरी, उवा झाल्यात तुला."

मला वाटलं पृथ्वी दुभंगावी. एवढ्या सगळ्यात उवा!

त्या म्हणाल्या, डोक्यात फोड पिकलेत, त्यानंही गाठ येते. औषध देते. दोन आठवड्यांनी या. गाठ गेली तर चांगलंच, नाही गेली तर तुकडा काढून तपासू. पप्पांनी विचारलं, "म्हणजे उवांचीच ना?" मॅडम म्हणाल्या, "बहुतेक. पण मी बहुतेकवर थांबत नाही."

स्कूटरवर येताना आई मध्ये बसली होती, मी मागं. ती बारीक आवाजात सारखं काहीतरी पुटपुटत होती. नीट ऐकलं तेव्हा कळलं, ती बिरोबाची माफी मागत होती. उशीर केला म्हणून.

मी आज पहिल्यांदा घाबरले. गाठीनं नाही, आईच्या त्या आवाजानं. तिला जर वाटत असेल की नवसामुळं हे झालं, आणि खरंच तसं असलं तर? मी विज्ञानात पैकीच्या पैकी घेणारी पोरगी. पण सुई टोचण्याआधी विज्ञान आठवत नाही. काढू देत केस. येतील परत. माझं मी ठरवलं आहे.

२८ डिसेंबर, रविवार

सगळं नीट लिहायचं आहे.

पहाटेच गावाकडं निघालो. खुलताबादचा घाट चढताना थंडीनं दात वाजत होते. आज्जी वस्तीवर वाट बघत होती. तिला मी उवांचं सांगितलं, तर ती डोक्यात बोटं घालून एक ऊ काढून नखावर मारत म्हणाली, "चांगलं हाय की. उवा जित्या डोक्याला व्हत्यात." गाठीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बिरोबाचं देऊळ म्हणजे एक ओटा, शेंदूर फासलेले गोल दगड, म्हणजे तांदळे, आणि वर लिंबाचं झाड. भगत बसले होते. न्हावी साहेबराव पाटावर वस्तरा, वाटी, ब्लेडचं पाकीट मांडून तयार. केरबामामा नवं धोतर नेसून आला होता. मला बघून म्हणाला, "ये भाची, बस मांडीवर. पण सावकाश बस, गुडघं माझं एकच जोड हाय." सगळे हसले. मीही हसले आणि त्याच्यासमोर पाटावर बसले. मांडी नको म्हणाले. त्यानं नुसते माझे खांदे धरले.

टोपी काढली. साहेबराव पाणी लावायला लागले. थंडगार पाणी मानेवरून पाठीत उतरलं आणि मी डोळे मिटून घेतले. मिटून घेतले की मला तो पलंगच दिसतो. मी मनात म्हणत होते, झालं, झालं, होत आलं. हे मी तिथं म्हणायचे.

साहेबरावांचा हात डोक्यावर टेकला. वस्तऱ्याचं गार पातं कानाजवळ लागलं.

"थांबा," आई म्हणाली.

मी डोळे उघडले. ती पुढं आली होती आणि तिनं साहेबरावांचं मनगट धरलं होतं.

"काय झालं ताई?"

"नाय काढायचे."

आज्जी म्हणाली, "अगं पारू, येडी झाली का? देवाच्या पायरीवर येऊन माघारी?"

"आई, काढू दे," मी म्हणाले. "मी तयार आहे. खरंच." आणि मला रडू फुटलं, कारण मी तयार नव्हते.

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, कितीतरी महिन्यांनी तिनं माझ्या मानेकडं न बघता तोंडाकडं बघितलं. म्हणाली, "एकदा भिताडाकडं त्वांड करून बसलीस, तेवढं बास झालं. आता कुणी हात नाय लावायचा तुझ्या केसांला."

मग ती गाडीकडं गेली आणि डिकीतून पिशवी घेऊन आली. ती प्लॅस्टिकची पिशवी. तिनं ती कधी घेतली होती मला माहीत नव्हतं. पप्पा एक पाऊल पुढं आले आणि म्हणाले, "पारू, ही नको. ही राहू दे तुला." तिनं ती का ठेवली ते पप्पांना ठाऊक होतं म्हणजे.

तिनं वेणी काढून पायरीवर ठेवली. लाल रिबिनीसकट. सकाळच्या उन्हात ती लई काळी दिसत होती.

आज्जीनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "अगं, पण जावळ डोक्यावरचं देत्यात. पेटीतलं देत्यात व्हय? अन् तू तर नव्या जलमाचं बोलली व्हतीस."

"व्हय, बोलले व्हते. चुकले." आई देवाकडं बघून बोलत होती, आज्जीकडं नाही. "नवा जलम तिचा हाय, तो मी कसा देऊ? ह्यो जुना माझ्यापाशी व्हता, ह्यो घे. ही मी कशापायी ठिवली व्हती ते तुला ठावं हाय. आता मला नगं. काय कोपायचं ते माझ्यावर कोप, तिच्यावर नगं."

साहेबराव वस्तरा मिटून उभे होते. भगतांनी आज्जीकडं बघितलं. आज्जी वाकली, मूठभर भंडारा उचलला आणि वेणीवर उधळला. थोडा माझ्या ओल्या डोक्यावर पण टाकला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," म्हणाली.

भंडारा म्हणजे हळदच. आईनं तो माझ्या कपाळाला लावला. वर्षभरात पहिल्यांदा तिनं हळदीला हात लावला.

येताना मी तिला विचारलं, "कशासाठी ठेवली होतीस?" ती म्हणाली, "असंच." रिकामी पिशवी तिनं घडी घालून कमरेला खोचली होती.

३१ डिसेंबर, बुधवार

औषध चालू. रोज संध्याकाळी आई मला पुढ्यात घेऊन फणी फिरवते. खाली पांढरा कागद. सत्यम उवा मोजतो आणि त्यांना नावं ठेवतो. गाठ आहे तेवढीच वाटते. आम्ही दोघीही दिवसातून दहादा हात लावतो आणि एकमेकींना सांगत नाही.

आज फणी फिरवताना मी म्हणाले, "आई, तुला वाईट नाही वाटत? वेणी गेली त्याचं?"

तिनं फणी थांबवली. म्हणाली, "आता काय करायची ती? तू हायेस ना."

हे मी इथं जसंच्या तसं लिहिलं. आणि लिहून झाल्यावर पेन तसंच धरून बसले. 'तू हायेस ना.' म्हणजे मी नसते तर. म्हणजे ती इतके महिने त्यासाठी. तेल लावून.

आणि मी तिचा अंबाडा घालून नाचले.

९ जानेवारी, शुक्रवार

डायरी संपली म्हणून सुरुवातीच्या, जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. वार जुळत नाहीत, खोडून लिहिले.

आज मॅडमनी बघितलं. फोड वाळलेत, उवा नाहीत. गाठ अर्ध्याहून लहान. मॅडम म्हणाल्या, आत्ता तुकडा काढायचा नाही, महिन्यानं परत बघू. पप्पांनी विचारलं, "म्हणजे गेलं ना?" त्या म्हणाल्या, "म्हणजे महिन्यानं या." पप्पा आज चहा दोनदा प्यायले. आई परत येताना काही पुटपुटली नाही. एका सिग्नलवर म्हणाली, "भाजी घ्यायची हाय."

मला वाटलं होतं की चांगलं ऐकलं की एकदम मोकळं वाटेल. तसं नाही झालं. महिन्यानं परत, मग तीन महिन्यांनी परत. असंच चालणार बहुतेक. करुणाला फोन केला. ती म्हणाली, "मग सोमवारी येतेस ना? गणिताची परीक्षा आहे." मी म्हणाले उद्याच येते.

१० जानेवारी, शनिवार

सकाळी टोपी घातली नाही. सत्यम म्हणाला, "दीदी, आज कोकरू मोकळं सोडलं का?" त्याला वाटी फेकून मारली. या वेळी लागली.

रिक्षा आली. आई आतून हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. पण पुढं आली नाही. हात पदरात तसेच. मी झटकला होता ना एकदा, ते तिला आठवत असावं, किंवा तिनं ठरवलं असावं की आता बास.

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. पोरी बघत होत्या.

मी मागं फिरले, कॉलरचं बटण काढलं आणि तिच्यासमोर मान वाकवून उभी राहिले. म्हणाले, "नीट कर की. चुरगळलीय."

चुरगळली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी नीट केली. मी थांबले.